न्हाणीमागचा पेवा

आमच्या मागीलदारी, न्हाणीचं पाणी बाहेर पडतं त्याच्या जरा वरच्या अंगाला, उतारावर पेव्याचं बेट आहे. श्रावणात तिथे रोज सकाळी पंधरा-वीस पांढरी फुलं उघडतात. एकेक फूल तळहाताएवढं, धुऊन पिळून झटकलेल्या मलमलीसारखं, कडेला चुण्या आणि मध्ये पिवळी झाक. खाली लाल बोंड. सकाळी उघडलेलं फूल संध्याकाळी मान टाकतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोंडातून नवं फूल डोकं काढतं. घरी येणारे विचारतात, कुठल्या नर्सरीतून आणलंत? हे आपल्या पाणंदीतलं, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावरचं झाड आहे असं सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. पावसाळ्यात रोज त्याच्या शेजारून माणसं जातात, पण थांबून बघत नाहीत.

मी कोकणात, लांजा तालुक्यात राहते. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. पेवा लावून मला एकोणीस वर्षं झाली. तो कसा लावायचा, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून आता सगळं लिहून ठेवते.

आधी ओळख. कोणी पेव म्हणतं, कोणी पेवा. शास्त्रीय नाव हेलेनिया स्पेसिओसा. जुन्या पुस्तकांत ते कॉस्टस स्पेसिओसस म्हणून सापडेल. पूर्वी याला हळद-आल्याच्या कुळात धरत, आता त्याचं कुळ वेगळं मानतात. पाऊस सुरू झाल्यावर रानात हळद, रानहळद, आलं, पेवा सगळे एकसारखेच कोंब काढतात, तेव्हा चुकू नये म्हणून दोन खुणा लक्षात ठेवा. हळदीची पानं समोरासमोरच्या दोन ओळींत, एकाआड एक येतात. पेव्याची पानं दांड्याभोवती गोल फिरत चढतात, दीपगृहाच्या आतल्या जिन्यासारखी, आणि दांडाही त्यांच्याबरोबर पीळ घेतो. दुसरी खूण वासाची. हळदीचं पान चुरगळलं की हाताला वास लागतो, पेव्याच्या पानाला तसा वास नाही. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर रेशमी लव लागते. शाळेत असताना मी मुलांना डोळे मिटून ही दोन पानं ओळखायला लावत असे.

रोप मिळवायचं कुठून, हा पहिला प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. रानातून उपटून आणू नका. राखीव जंगलातून झाडं काढणं हा गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी पऱ्याच्या काठाची माती हेच कंद धरून ठेवतात. ते काढले की पुढच्या मृगात काठ ढासळतो. माझे कंद आले ते वेगळ्या वाटेने. आमच्या वाडीकडे वळणारा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा वैशाखात यंत्राने दरडीची माती उकरून बाजूला ढीग घातला. त्या दरडीवर आम्ही लहानपणापासून पेवा पाहिला होता. ढिगात आल्यासारखे गाठाळ, फिकट कंद उन्हात पडलेले दिसले. त्यातले सात तुकडे मी ओच्यात घालून घरी आणले. दरडीवर आज एकही पेवा नाही. माझ्या मागीलदारी आहे तो त्या दरडीचाच.

तुम्हाला असा ढीग मिळेलच असं नाही. ज्याच्या परसात पेवा आहे त्याच्याकडून मागून घ्या. चार वर्षांचं बेट असेल तर मालक स्वतःच खणून देईल, कारण त्याला ते आवरायचंच असतं. नर्सरीतही मिळतो, पण तिथे एक घोटाळा होतो. ‘इन्सुलिन’ नावाने जे रोप विकतात ते पेव्याच्याच कुळातलं, पानांची फिरकीही तशीच, पण ते ब्राझीलचं आहे आणि त्याला नारिंगी फुलं येतात. उंचीलाही ते गुडघ्या-मांडीपर्यंतच राहतं. आपला पेवा माणसाच्या उंचीचा होतो, कधी त्याच्याही वर जातो. आपला पेवा हवा असेल तर पांढरं फूल आणि लाल बोंड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही त्याची आवड. फणसाच्या, रातांब्याच्या कडेला, जिथे ऊन गाळून येतं तिथे तो खुलतो. दिवसभराच्या उन्हात जगतो, पण पानांच्या कडा करपतात. पूर्ण सावलीत पानं भरघोस येतात आणि बोंडं कमी. पाणी त्याला आवडतं, पण वाहतं किंवा मुरतं. साचलेलं नाही. मी पहिल्या वर्षी सातपैकी तीन तुकडे खोलगट जागी लावले होते, विचार असा की ओल राहील. आर्द्रात तिथे घोटाभर पाणी तुंबलं आणि तिन्ही तुकडे कुजले. बाहेर काढले तर बोटांत चिखलासारखे आले. उतारावरचे चार जगले. म्हणून आता माझी रचना अशी आहे: न्हाणीच्या तोंडाशी अळू, कारण साबणाचं पाणी अळू सोसतो, आणि त्याच्या वर दोन हातांवर पेवा. ओल त्याला खालून मिळते, पाणी अंगावर येत नाही.

आमच्याकडे जांभा. वीतभर खणलं की पहार टणकन वाजते. पेव्याचे कंद जमिनीत फार खोल जात नाहीत, आडवे पसरतात, त्यामुळे फूटभर माती असली तरी त्याचं भागतं. मी चैत्रातच खड्डा करून ठेवते: हात लांब, हात रुंद, फूटभर खोल. त्यात एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जुना पातेरा आणि काढलेली माती. पातेरा म्हणजे पालापाचोळा, काजू-फणसाच्या झाडाखालचा, खालच्या थरातला, काळा झालेला. वरवरचा कोरडा नको, तो नंतर पांघरुणाला लागेल. रासायनिक खत मी कधी घातलं नाही आणि घालायची गरज पडली नाही. रानातल्या झाडाला रानातलीच माती द्यावी, एवढाच माझा हिशेब.

लावायची वेळ पहिल्या वळीवानंतर ते मृग संपेपर्यंत. वळीव पडला की कंदावरचे डोळे फुगतात, गुलाबीसर टोकं दिसायला लागतात. तेव्हा धारदार कोयत्याने तुकडे करा. प्रत्येक तुकडा बोटभर तरी लांब आणि त्याला निदान दोन डोळे हवेत. कापलेल्या बाजूला चुलीतली राख लावून तुकडे एक दिवस पडवीत सावलीला ठेवा. जखम सुकते आणि कूज लागत नाही. मग डोळे वर करून दोन ते तीन इंच खोल ठेवा, माती लोटा, वर पातेऱ्याचं चार बोटं जाड पांघरूण घाला. दोन तुकड्यांत दोन फूट अंतर. लावताना ते फार वाटतं, जागा ओकीबोकी दिसते, आणि मन म्हणतं मध्ये अजून एक बसेल. बसवू नका. तिसऱ्या वर्षी ते अंतर भरलेलं असतं.

कंद नसेल आणि नुसता दांडा मिळाला तरी चालतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रस्त्याकडेचं गवत कापतात तेव्हा पेव्याचे दांडेही कापले जातात. ते उचलून आणायला कोणाची हरकत नसते. जुना, जाड दांडा घ्या, पानं काढून टाका, दोन-तीन पेरांचे तुकडे करा आणि वाळू मिसळलेल्या मातीत आडवे ठेवा, अर्धे मातीत आणि अर्धे वर. सावली हवी, ओल सतत हवी. महिनाभरात पेरापेरातून कोंब निघतात. मुळं खालून आपोआप धरतात. श्रावणात केलेली ही रोपं पुढच्या पावसात जमिनीत लावता येतात, आणि फूल बहुतेक त्याच्या पुढच्या वर्षी. बियांपासूनही येतात, पण त्याला धीर लागतो. मी एकदाच केली.

पहिल्या वर्षी फारशी अपेक्षा धरू नका. चार-पाच दांडे, त्यातल्या एखाद्याला बोंड. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा आषाढ-श्रावणात पाणी घालायचा प्रश्नच येत नाही. प्रश्न वाऱ्याचा. उंच दांडे पावसाने जड होऊन आडवे होतात, आणि एक आडवा झाला की शेजारचे घेऊन पडतो. बेटाच्या चार कोपऱ्यांना चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या रोवून कमरेच्या उंचीवर सुंभाचं एक वेटोळं घाला. दांडा दांड्याला बांधू नका, पीळ मोडतो.

कोवळ्या कोंबांवर गोगलगायी येतात. मी रात्री बॅटरी घेऊन जाते आणि उचलून मिठाच्या पाण्यात टाकते. सलग आठ दिवस केलं की त्या वर्षापुरतं संपलं. पुढे पानं दुमडून आत बसणारी अळी दिसते. ती मी राहू देते. दोन-चार पानं खाल्ल्याने बेटाचं काही बिघडत नाही, आणि फवारणी केली तर ज्यांच्यासाठी हे बेट ठेवलंय तेच यायचे थांबतील.

कारण बोंडांवर जी वर्दळ असते ती बघण्यासारखी आहे. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास काळे भुंगे येतात, मोठे, निळसर पंखांचे. फुलाचं तोंड त्यांच्या मापाचं असावं तसं, ते थेट आत शिरतात आणि पाठीला पांढरं फासून बाहेर पडतात. शिंजीर येतो, बोंडावर बसून मान वाकडी करतो. आणि मुंग्या दिवसरात्र असतात. बोंडाच्या लाल खवल्यांवर बारीक जागा असते, तिथून गोड रस पाझरतो. फुलातल्या मधाशी त्याचा संबंध नाही. मुंग्या त्या रसासाठी तळ ठोकून बसतात आणि बोंड पोखरायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. सुरुवातीला मला वाटे की मुंग्या लागल्या म्हणजे रोग आला, आणि मी हळदीचं पाणी शिंपडत असे. करू नका. त्या राखणीला आहेत.

फूलदाणीत ठेवायचं असेल तर पांढऱ्या फुलासाठी दांडा तोडू नका, ते दुपारपर्यंत मलूल होतं. लाल झालेलं बोंड तोडा. पाण्यात आठवडाभर टिकतं. गौरीच्या वेळी मी चार दांडे तेरड्याबरोबर ठेवते, लाल आणि गुलाबी एकत्र छान दिसतं. दसऱ्याच्या आसपास बोंडातून लाल फळं फुटतात, आत काळ्या बिया आणि त्यांना चिकटलेला पांढरा मऊ गर. बुलबुल तो गर खातात आणि बिया जातील तिथे टाकतात. आमच्या गडग्याच्या पलीकडे दोन रोपं अशीच आली आहेत. शेजारी नको म्हणत असतील तर फळं फुटण्याआधी बोंडं कापून घ्या.

आता हिवाळा. इथेच बहुतेक पेवे मरतात, आणि ते माणसाच्या हातून. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, मार्गशीर्षात दांडे वाळून कोलमडतात. माझ्याकडे न्हाणीच्या ओलीमुळे काही दांडे पौषापर्यंत हिरवे राहतात, पण शेवटी सगळं बेट बसतं. पहिल्या वर्षी मी ते मेलं समजले. वाळके दांडे ओढून काढले, जमीन खणून सपाट केली आणि तिथे मिरची लावली. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘झोपलेल्याला कशाला उठवतेस?’ मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. वैशाखाच्या शेवटी वळीव पडला आणि मिरचीच्या दोन ओळींच्या मधून गुलाबी कोंब वर आला. खणताना तुटलेला एक तुकडा खाली राहून गेला होता. आजचं सगळं बेट त्या एका तुकड्याचं आहे. सासूबाईंनी ते पुढे तीन पावसाळे पाहिलं.

तेव्हा वाळले म्हणून उपटू नका. दांडे जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, तेच तुकडे करून जागेवर पसरा, वर पातेरा घाला. जागेला चार दगडांची खूण करून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी तिथे कुदळ मारणार नाही. माघापासून वैशाखापर्यंत पाणी घालू नका. उन्हाळ्यात माया करून रोज तांब्या ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे कुजलेले कंदही. झोपेत त्याला कोरडं राहायचं असतं. आमच्यासारखी खालून थोडी ओल असली तर चालते, वरून पाणी नको. याच दिवसांत रानडुक्कर आणि साळिंदर कंद उकरायला येतात. ज्यांचं घर रानाला लागून आहे त्यांनी बेटावर काटेरी फांद्या टाकाव्यात. बोरीच्या उत्तम.

आणि आता पसरण्याबद्दल. मराठीत ‘पेव फुटणं’ म्हणतात ते धान्याच्या जमिनीतल्या पेवावरून, या रोपावरून नाही, पण माझ्या मनात दोन्ही एक झाली आहेत. त्या एका तुकड्याचे चौथ्या पावसाळ्यात साठ दांडे झाले. मी मोजले होते. कंद दरवर्षी साधारण फूटभर पुढे सरकतो आणि सरकताना वाटेतल्या लहान झाडांना विचारत नाही. माझी अबोली त्याने गिळली. जास्वंदीसारखं मोठं झुडूप त्याच्यापुढे टिकतं, अबोली, गुलबक्षी टिकत नाही. पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर बागेसाठी नेलेला पेवा रानात शिरून तिथल्या झाडांना डोईजड झाला आहे. म्हणून परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी इथून कंद बॅगेत घालून नेऊ नयेत. त्याचं घर इथे आहे, हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत आणि पलीकडे म्यानमार-इंडोनेशियापर्यंत. इथे त्याला खाणारे, उकरणारे, आवरणारे सगळे आहेत.

परसात मात्र आवरणारे आपणच. दोन उपाय मी केले. एक, बेटाभोवती जांभ्याचे चिरे उभे पुरले, फूटभर खोल, सांध्यात फट न ठेवता. कंद उथळ असल्याने चिऱ्याखालून सहसा जात नाही, फटीतून मात्र नक्की जातो. दोन, दर वर्षी वळीवानंतर, कोंब बोटभर वर आले की कडेकडेने पहारीने रेघ मारते आणि रेघेबाहेरचं सगळं काढते. याच वेळी काढायचं, कारण कोंबामुळे कंद कुठवर पोहोचला ते दिसतं आणि काढलेला तुकडा लगेच दुसरीकडे लावता येतो. दर तीन-चार वर्षांनी मधला भागही विरळ करावा. मध्ये जुने कंद एकमेकांवर चढतात, दांडे बारीक येतात, बोंडं लहान होतात.

माझी लेक पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिला गॅलरीत हवा होता. कुंडीत होतो, पण कुंडी उंचीपेक्षा रुंदीला मोठी घ्या. तिने आधी साधी बारा इंची घेतली, दुसऱ्या वर्षी कंदांनी प्लॅस्टिक फाडलं. आता अठरा इंची पसरट टबात आहे, तळाला सहा भोकं, माती-शेणखत-नारळाचा भुसा समभाग. गॅलरी पूर्वेची. पुण्याचा पाऊस कोकणासारखा नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ती रोज सकाळी पाणी घालते आणि उघडीप असेल तेव्हा पानांवर शिंपडते. छातीएवढा वाढतो, पाच-सहा बोंडं येतात. दिवाळीनंतर टब जिन्याखाली ठेवते आणि मे महिन्यात परत बाहेर काढते. ती त्या टबाकडे बघून घराची आठवण काढते, असं मला फोनवर सांगते.

औषधाबद्दल लोक हमखास विचारतात. पेव्याच्या कंदात डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून स्टेरॉइडवर्गातली औषधं बनवता येतात आणि त्यासाठी त्याचा बराच अभ्यास झाला आहे, हे खरं. पण तेवढ्यावरून कोणी कंद उगाळून घ्यायचा नाही. शिवाय नावांचा गोंधळ आहे. याला कुठे कुठे कोष्ट आणि पुष्करमूळही म्हणतात, पण काष्ठौषधीच्या दुकानातलं कोष्ट आणि पुष्करमूळ या हिमालयातल्या अगदी वेगळ्या वनस्पती आहेत. नाव एक म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरलं तर जीवाशी येईल. माझ्याकडून कंद नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते आणि मगच पिशवी हातात देते.

यंदा वळीव मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. रेघेबाहेरचे बावीस तुकडे निघाले. आठ वाडीतल्या तीन घरांत गेले, चार लेकीच्या शेजारणीसाठी ठेवले, आणि उरलेले दहा मी त्या वळणावर नेऊन लावले, जिथून पहिले सात उचलले होते. दरड आता तासलेली आहे, माती कमी आहे, पण वरून पाणी झिरपतं आणि दुपारची सावली आहे. आर्द्राच्या दुसऱ्या दिवशी बघून आले तेव्हा सहा कोंब वर होते.